वावराजवळून जाणाऱ्या मालगाडीच्या डब्यांचे नंबर लिहितो. चुकलेला नंबर ओळखायचा कसा?

रुळाकाठचा

नमस्कार मंडळी. प्रश्न दोन आहेत, एक सरळ आणि एक जरा लाजेचा. लाजेचा आधी विचारतो, म्हणजे सुटलो.

माझं साडेचार एकर वावर माना ते कुरूमच्या पट्ट्यात रेल्वेलाईनला लागून आहे. कपाशी, मधात तुरीच्या ओळी. लाईन म्हणजे मुंबई-हावड्याची मेन लाईन. डवरणीला जा, फवारणीला जा, वेचणीला जा, बांधाच्या पलीकडून गाडी जातेच. बाकीची माणसं एकदा मान वर करतात अन् परत कामाला लागतात. मी खिशातून वही काढतो आणि इंजिनाचा नंबर लिहितो. पंधरा-सोळा वर्षं झाली. अकरा वह्या भरल्या, बारावी सुरू आहे.

ही सवय मामाच्या गावानं लावली. कारंज्याजवळ गाव, तिथून शकुंतला नावाची छोटी गाडी जायची. मूर्तिजापूर ते यवतमाळ, ११३ किलोमीटर, अन् चाल अशी की पोट्टे उतरून बोरं तोडून परत चढत. वाफेचं इंजिन १९९४ च्या एप्रिलात गेलं, तेव्हा मी लहान होतो. माझ्या डोळ्यासमोर आहे ते डिझेलचं. फाटक आलं की गाडीच थांबायची. गाडीवरचा माणूस उतरून फाटक लावणार, गाडी पलीकडे गेली की उघडणार, अन् मग हलत डुलत जाऊन चढणार. मी आणि मामेभाऊ पैज लावायचो, आज कोणत्या नंबराचं इंजिन येते. इंजिनावर ‘झेडडीएम’ लिहिलेलं असे. मी मामाला विचारलं, झेड म्हणजे काय? मामा म्हणे, ‘झाडाखाली उभी राहते ना, म्हणून.’ मी बारावीपर्यंत तेच खरं धरून होतो. पुढे कळलं की झेड म्हणजे अडीच फुटाची नॅरोगेज, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे प्रवासी अन् माल दोन्ही ओढणारं.

मेन लाईनवर आता सगळं विजेवर. ३० हजारात ३०२०१ पासून पुढचं असलं तर वॅप-७, म्हणजे प्रवासी गाडीचं इंजिन. ३१ हजारातलं वॅग-९, मालगाडीचं. आणि ६० हजारातलं दिसलं की मी पाठीवरचा पंप खाली ठेवतो. ते वॅग-१२, मधेपुऱ्याला बनलेलं, दोन इंजिनं एकमेकाला जोडल्यासारखं लांब, बारा हजार अश्वशक्तीचं.

आता लाजेची गोष्ट. यंदा बायकोनं कृषी केंद्राच्या उधारीची वही उघडली. डीएपी ४ बॅगा, युरिया ६ बॅगा, अन् त्याच्या खाली माझ्या हातचं: ३१२४७. त्या दिवशी नंबराची वही घरी राहिली होती, म्हणून हातात आली तिच्यात लिहून टाकलं. ती दुपारभर काहीच बोलली नाही. रात्री भाकर वाढता वाढता म्हणते, ‘हे एकतीस हजार दोनशे सत्तेचाळीस कोणाचे देणं आहेत?’ मी म्हटलं, देणं नाही, इंजिन आहे. ती म्हणे, ‘इंजिन काहून घेतलं?’

गावात मला डबामोज्या म्हणतात. मागच्या लग्नसराईत साळ्यानं भर पंगतीत विचारलं, जवाईबापू, अजून डबेच मोजून राहिले का? तर माझ्यासारखे आणखी लोक आहेत का, आणि याला काही बरं नाव आहे का? येडा सोडून.

सरळ प्रश्न असा. दोन वर्षांपासून मी मालगाडीच्या डब्यांचेही नंबर घेतो. कुरूमला लूप लाईनवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, गाडी उभी राहिली की प्लॅटफॉर्मवरून जेवढे दिसतात तेवढे. अकरा आकडे असतात. रंग उडालेला, वरून सिमेंटची धूळ, तीन की आठ कळत नाही. घरी आल्यावर, गाडी निघून गेल्यावर, लिहिलेला नंबर बरोबर आहे की नाही हे समजायचा काही मार्ग आहे का? एक देतो, ज्याच्यावर माझा संशय आहे: ३० ०१ १२ ४३६३ ४. झाकलेला डबा होता.

वणीकर_सध्या_पुण्यात

दादा, लाजू नका. नाव आहे, नुसतं नाव नाही, अख्खा इतिहास आहे. इंग्लंडात याला ट्रेनस्पॉटिंग म्हणतात. इयान ॲलन नावाचा पोरगा लंडनच्या वॉटर्लूला सदर्न रेल्वेच्या कचेरीत कारकून होता. इंजिनांबद्दल विचारणा करणारी लोकांची पत्रं यायची, उत्तरं लिहून लिहून हा कंटाळला. त्यानं सुचवलं की सगळ्या इंजिनांची यादी छापून टाकू. साहेबांनी नाही म्हटलं. मग यानं स्वतःच १९४२ मध्ये छापली. भर महायुद्धात! ती हातोहात खपली, आणि पुढे कितीतरी वर्षं तिथली पोरं प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभी राहून दिसलेल्या नंबराखाली रेघ मारत राहिली. तुमच्या वहीचंच काम, फक्त त्यांच्याकडे नंबर आधीच छापलेले होते. माझ्या मते तुमचं अवघड आहे, कारण तुम्हाला काय यायचं बाकी आहे तेच माहीत नसतं.

पुढे तिथे हसण्याचा विषयही झाला. हे लोक थंडीपावसात टोपीवालं जाकीट घालून उभे राहत, त्याला अनोरॅक म्हणतात. आता तिथे कोणी कशाच्याही फार मागे लागला, क्रिकेटचे आकडे असोत की बिअरच्या बाटल्यांची झाकणं, त्याला अनोरॅक म्हणतात. तुमचं ‘डबामोज्या’ त्या मानानं प्रेमळ आहे. जपानात तर पोटजाती आहेत: फोटो काढणारे ते तोरितेत्सु, नुसते बसून फिरणारे ते नोरितेत्सु. आपल्याकडे रेलफॅन म्हणतात. इंडियन रेल्वेज फॅन क्लब १९८९ पासून आहे.

मी वणीचा. आमच्याकडे गाडी म्हणजे कोळसा. माजरीकडून वाघिण्या, म्हणजे मालगाडीचे डबे, यायच्या, आई वाळत घातलेले कपडे काढायला धावायची आणि मी उलट्या दिशेनं धावायचो. आज पुण्यात फ्लॅटच्या गॅलरीतून लांबून लोकलचा आवाज येतो, पण त्यात वजन नाही हो.

एक सांगतो. एका मोठ्या जंक्शनवर मी फोटो काढत होतो तर खाकीतल्या एका गृहस्थानं मोबाईल हातात घेऊन सगळी गॅलरी खालीवर केली. त्यात साडेचारशे इंजिनं आणि एक भाचीचा वाढदिवस. बिचारा शेवटी कंटाळला. वही बरी, वहीला कोणी काही म्हणत नाही.

व्यवहारी_माणूस

सरळ बोलतो, राग नको. आता सगळं मोबाईलवर दिसते, गाडी कुठे आहे, किती लेट आहे. डब्याचा नंबर लिहून कपाशीचा भाव वाढणार आहे का? तेवढ्या वेळात दोन सऱ्या निंदून होतात. आणि शकुंतलेचं कौतुक किती दिवस? ती तर अजून इंग्रजांच्या मालकीची, आपण भाडं भरत होतो.

धामणगावची_ताई

व्यवहारी भाऊ, तुमच्या घरी क्रिकेट पाहत नाहीत वाटतं. पाच दिवसांची मॅच संपली की कपाशीला भाव येतो का?

रुळाकाठच्या भाऊ, मी दुसऱ्या बाजूची आहे. नंबर लिहिणाऱ्याची बायको. लग्न झाल्यावर पहिल्या दिवाळीला हे म्हणाले, फिरायला जाऊ. मला वाटलं चिखलदरा. नेलं अकोल्याहून खंडव्याच्या मीटरगेजनं! अकोट, मग मेळघाटाचं जंगल, खिडकीचा पत्रा खडखड, माझी नवी साडी धुळीनं माखलेली. मी तोंड वळवून बसले होते. धूळघाट आलं तसं यांनी मला दाराजवळ ओढून नेलं आणि खाली बोट दाखवलं. खाली एक रूळ दिसत होता. ‘आपण आता तिथून आलो,’ म्हणे. गाडी डोंगराला गोल फेरा मारून आपल्याच रुळाच्या डोक्यावरून जात होती. मी दोनदा विचारलं, तोच रूळ? तोच. पुढे बराच वेळ मी खिडकीतून मान काढून बसले होते, हे त्यांनी अजून सगळ्या नातेवाइकांत सांगायचं सोडलेलं नाही. आता ती मीटरगेज नाही, आणि जंगलातून पुन्हा गाडी न्यायची की बाहेरून यावर किती वर्षं वाद झाला तुम्हाला ठाऊक आहेच. मला विचाराल तर बाहेरूनच न्यावी. वाघांना आमच्या ह्यांच्यासारखे लोक झेपायचे नाहीत.

तुमच्या बायकोच्या बाजूनं एवढंच म्हणते, हिशेबाची वही वेगळी ठेवा. तिची दुपार कशी गेली असेल ते मला विचारा. ३१ हजार म्हणजे घरात काय होते माहीत आहे का? तुम्हाला हसू येते, तिनं मनातल्या मनात पाटल्या मोडल्या असतील.

निवृत्त_टीएनसी

तुम्ही याला छंद म्हणता, मला त्याचा पगार मिळत होता. टीएनसी म्हणजे ट्रेन्स क्लार्क. त्याआधीचं जुनं नाव नंबर टेकर. यार्डात गाडी आली की एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पायी जायचं आणि एकेका वाघिणीचा नंबर लिहायचा. त्यावरून व्हीजी बनायची, व्हेईकल गायडन्स, म्हणजे गाडीची जन्मपत्रिका. रात्रपाळीला हातात बत्ती, बगलेत पाटी, पावसाळ्यात कागद ओला व्हायचा म्हणून आधी तळहातावर लिहायचो. उघड्या वाघिण्यांचा रेक, म्हणजे जोडलेली अख्खी गाडी, ५८-५९ डब्यांचा. चाळिसाव्याला शंका आली तर परत चालत जाऊन बघायचं, कारण चुकीचा नंबर गेला तर तो डबा कागदावर हरवतो आणि सिमेंटवाला सकाळी दारात उभा. पुढे संगणक आला, सगळं एफओआयएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या मालवाहतुकीच्या संगणक यंत्रणेत गेलं. आज तुम्ही जे हौसेनं करता ते करायला मला थंडीत जिवावर यायचं. माझी बायको विचारते, याला कोण विचारते आता? तिला तुमचा प्रश्न वाचून दाखवला.

तुमच्या सरळ प्रश्नाचं उत्तर आहे आणि ते नंबरातच लपलेलं आहे. मी लागलो तेव्हा ही अकरा आकड्यांची पद्धत नव्हती. नंतर आली.

पहिले दोन आकडे डब्याचा प्रकार. १० ते २९ उघडे, ३० ते ३९ झाकलेले, ४० ते ५४ टाकीचे. त्यानंतरचे दोन मालक रेल्वेचे, ०१ म्हणजे आपली मध्य रेल्वे. पुढचे दोन बांधणीचं साल. मग चार आकडे अनुक्रमांक. अकरावा आकडा तपासणीचा आहे, तो बाकीच्या दहांवरून निघतो.

कसा काढायचा ते बघा. सम जागांवरचे आकडे, म्हणजे दुसरा, चौथा, सहावा, आठवा, दहावा, यांची बेरीज करा आणि तिला तीननं गुणा. विषम जागांवरचे, म्हणजे पहिला, तिसरा, पाचवा, सातवा, नववा, नुसते मिळवा. दोन्ही एकत्र करा. पुढच्या दहाच्या पटीला पोचायला जेवढे कमी पडतात तो अकरावा आकडा. कमी काहीच पडत नसेल तर शून्य.

तुमचा नंबर: सम जागी ०, १, २, ३, ३. बेरीज ९, तिपटीनं २७. विषम जागी ३, ०, १, ४, ६. बेरीज १४. एकूण ४१. पन्नासाला ९ कमी. तुमच्याकडे शेवटी ४ आहे. म्हणजे कुठेतरी चुकलात. कुठे, ते तुम्ही शोधा. मी निवृत्त आहे.

एक आकडा चुकला तर हे गणित हमखास पकडते. दोन शेजारच्या आकड्यांची अदलाबदल झाली तर बहुतेक वेळा पकडते, पण त्या दोघांत पाचाचा फरक असला, जसे १ आणि ६, तर फसते.

व्यवहारी माणूस यांना: शकुंतलेबद्दल हे नेहमी ऐकतो. ती बांधली किलिक निक्सन कंपनीनं, कापसासाठी, आणि सरकारकडे गाड्या चालवायला होती हे खरं. पण किलिक निक्सन ही स्वातंत्र्यानंतर भारतीय हातांत आलेली कंपनी आहे. लंडनला कोणी आपल्या भाड्याची वाट बघत बसलेलं नव्हतं.

आणि रुळाकाठचे भाऊ, वावरातून नंबर घेता ते ठीक, पण बांध ओलांडून रुळाकडे जाऊ नका. चालत्या मालगाडीची साखळी, दाराची पट्टी लोंबत असते, ती दिसत नाही, लागल्यावरच कळते. मी दोघांना लागलेलं पाहिलं आहे. शिवाय रेल्वे कायद्याचं कलम १४७ आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. डबामोज्यालाही लागू.

वणीकर_सध्या_पुण्यात

काका, पायाला हात लावतो. पगारी ट्रेनस्पॉटर! इंग्लंडातल्या पोरांनी हे वाचलं तर रडतील.

रुळाकाठचा

सगळ्यांचे आभार. उशीर झाला, दोन दिवस पाऊस होता अन् लाईट नव्हती.

टीएनसी काका, तुमचं गणित मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतलं. पोरगी सातवीत आहे, तिला म्हटलं, घे, तुझं काम. तिनं कंदील घेतला अन् बसली. मी नंबर वाचायचा, तिनं सम जागा बोटावर मोजायच्या. पहिल्या रात्री चाळीस तपासले, सहा चुकले. दुसऱ्या रात्री बायको येऊन बसली, नुसती ऐकत, शेंगा फोडत. थोड्या वेळानं म्हणते, ‘हा चुकला, बेरीज एकोणसाठ होते.’ आम्ही परत केली. एकोणसाठच होती. आता तिपटीचं काम तिच्याकडे आहे. आमच्या दोघांपेक्षा फास्ट करते, मी काही बोललो नाही.

ताई, तुमचं वाचून दाखवलं तिला. पाटल्यांचं ऐकून हसली, म्हणजे खरंच असेल. उधारीच्या वहीवर आता तिनंच मोठ्या अक्षरात लिहिलं आहे: ‘यात इंजिन लिहू नये.’

तो संशयाचा नंबर. बाकी आकडे मला साफ दिसले होते, शंका फक्त तिनाची, की तो आठ तर नाही. आठव्या जागेवरचा ३ आठ केला तर ३० ०१ १२ ४८६३. सम बेरीज १४, तिप्पट ४२, अधिक १४, छप्पन. साठाला चार कमी. शेवटी ४ आहे. जुळलं! मी ओरडलोच. वही मिटणार तेवढ्यात पोरगी म्हणे, थांबा बाबा, तीन तर अजून आहेत. दहाव्या जागेवरचा ३ आठ करून पाहिला: ४३६८. तरी छप्पन. अगदी पहिल्या जागेवरचा केला: एकूण ४६, पन्नासाला तरी चारच कमी. पहिला तर मी सोडून दिला, ८० काही झाकलेला डबा होत नाही, अन् डबा झाकलेला होता हे मी शपथेवर सांगतो. पण ४८६३ की ४३६८?

काका, तुम्ही असता तर चाळिसाव्या डब्यापर्यंत परत चालत गेले असते. माझी गाडी तर बडनेऱ्याकडं निघून महिना झाला. कुठं आसामात असेल, नाही तर इथंच वर्धेला उभी असेल. दोन्ही नंबर लिहून ठेवले, पुढं प्रश्नचिन्ह. एक पोरीच्या नावानं, एक माझ्या नावानं. पाच रुपये लावले आहेत.

आज सकाळी कुरूमला लूपात झाकलेल्या डब्यांचा रेक लागला होता. मी फवारणीत होतो. पोरगी शाळेत जाता जाता प्लॅटफॉर्मवर उभी राहिली अन् एकोणीस डब्यांचे नंबर घेऊन शाळेत अर्धा तास उशिरा पोचली. त्यात आमचा नव्हता.